६० चौरस मीटरच्या घराची लांबी जास्तीत जास्त किती? क्षेत्रफळाच्या मर्यादेमागचं गणित सोप्या शब्दांत

मुंबई किंवा ठाणे परिसरात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बघायला गेलं की एक आकडा हमखास कानावर पडतो, ६० चौरस मीटर. 'घर त्याच्या आत बसलं तर टॅक्स कमी लागेल,' असं सांगितलं जातं.

यामागे जीएसटीचा एक नियम आहे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या रचनेनुसार बांधकाम सुरू असलेल्या 'परवडणाऱ्या' घरावर १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणारं घर ठरण्यासाठी दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत हवी आणि कार्पेट एरिया मर्यादेत हवा. ही मर्यादा मुंबई महानगर प्रदेशासारख्या महानगर क्षेत्रांत ६० चौरस मीटर आहे, तर इतरत्र ९० चौरस मीटर. पुणे, नाशिक, नागपूर ही शहरं या यादीतल्या महानगरांत येत नाहीत, त्यामुळे तिथे ९० चौरस मीटरचा आकडा लागू होतो.

आता हिशोब करू. ४५ लाखांच्या घरावर १ टक्का म्हणजे ४५ हजार रुपये. ५ टक्के म्हणजे २ लाख २५ हजार. फरक तब्बल १ लाख ८० हजारांचा. आणि हा फरक पडायला ६० ऐवजी ६०.१ चौरस मीटरही पुरेसे आहेत.

मग प्रश्न येतो तो साधा. घराची रुंदी ठरलेली असेल, तर लांबी जास्तीत जास्त किती ठेवता येईल?

हा शाळेतल्या गणिताचाच प्रश्न आहे. मांडव घालताना, फ्लेक्स छापताना, शेताला कुंपण करताना तो वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. बहुतेकांची चूक गुणाकारात होत नाही. ती प्रश्न मांडताना किंवा शेवटी उत्तर 'राउंड' करताना होते. कशी, ते पाहू.

असमानता म्हणजे काय?

आयताचं क्षेत्रफळ = लांबी × रुंदी, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. क्षेत्रफळ नेमकं ६० असेल तर ते समीकरण झालं. पण नियमात, करारात किंवा बजेटमध्ये 'नेमकं ६०' असं क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे शब्द असतात '६० पर्यंत', '६० पेक्षा जास्त नाही', 'जास्तीत जास्त ६०'. या तिन्हींचा अर्थ एकच आहे. ६० चालेल, ५९ चालेल, ४० सुद्धा चालेल. ६० च्या वर मात्र चालणार नाही.

हे गणिताच्या भाषेत असं लिहितात:

लांबी × रुंदी ≤ ६०

मधलं चिन्ह 'पेक्षा लहान किंवा समान' असं वाचतात. अशा विधानाला असमानता म्हणतात, काही पुस्तकांत असमता हा शब्दही दिसतो. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही चिन्हं पहिल्यांदा छापली गेली ती इंग्लिश गणितज्ञ थॉमस हॅरियट यांच्या १६३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात.

समीकरणाचं उत्तर बहुधा एखाद-दुसरी संख्या असते. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यांचा एक पट्टा. त्या पट्ट्याचं वरचं टोक म्हणजे आपल्याला हवी असलेली 'जास्तीत जास्त' लांबी.

शब्दांवरून चिन्ह ओळखणं ही पहिली पायरी:

- 'पर्यंत', 'जास्तीत जास्त', 'कमाल', 'पेक्षा अधिक नाही' म्हणजे ≤
- 'किमान', 'कमीत कमी', 'निदान', 'पेक्षा कमी नाही' म्हणजे ≥
- 'पेक्षा कमी' म्हणजे <, इथे ती संख्या स्वतः चालत नाही
- 'पेक्षा जास्त' म्हणजे >, इथेही ती संख्या स्वतः चालत नाही

प्रकार पहिला: रुंदी माहीत आहे

समजा, एका आयताकृती फ्लॅटची आतली रुंदी ६.४ मीटर आहे. लांबीसाठी 'ल' हे अक्षर घेऊ.

६.४ × ल ≤ ६०

दोन्ही बाजूंना ६.४ ने भागलं की:

ल ≤ ९.३७५

म्हणजे लांबी जास्तीत जास्त ९.३७५ मीटर, अर्थात ९ मीटर ३७.५ सेंटिमीटर.

इथे एक बारीक मुद्दा आहे. असमानतेला ऋण संख्येने भागलं तर चिन्ह उलटं होतं. पण रुंदी कधी ऋण नसते, त्यामुळे लांबी-रुंदीच्या हिशोबात अशा भागाकाराने चिन्ह बदलायची भीती नाही.

आता खरी गंमत. आराखड्यावर दोनच दशांश स्थळं लिहायची असतील, तर ९.३७५ चं काय करायचं? शाळेच्या सवयीने हात ९.३८ लिहितो. गुणाकार करून पाहा:

६.४ × ९.३८ = ६०.०३२

मर्यादा ओलांडली! आता ९.३७ घेऊ:

६.४ × ९.३७ = ५९.९६८

हे मर्यादेत बसतं. म्हणून पहिला नियम: कमाल मर्यादा असेल तर उत्तर नेहमी खालच्या बाजूला आणायचं. पुढचा आकडा ५ असो, ८ असो की ९, वर न्यायचं नाही.

मर्यादा 'किमान'ची असेल तर?

तेव्हा नियम बरोबर उलटा होतो.

नॅशनल बिल्डिंग कोड म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आणि किमान रुंदी २.४ मीटर दिली आहे. घरात एकापेक्षा जास्त खोल्या असतील तर त्यातली एक तरी एवढी हवी. खोलीची रुंदी नेमकी २.४ मीटर ठेवली तर:

२.४ × ल ≥ ९.५
ल ≥ ३.९५८...

३.९५ मीटर ठेवले तर क्षेत्रफळ ९.४८ होतं, म्हणजे कमी पडतं. ३.९६ ठेवले तर ९.५०४ होतं आणि अट पूर्ण होते. किमान मर्यादा असेल तर उत्तर वरच्या बाजूला न्यायचं.

थोडक्यात, राउंड करताना शेवटचा आकडा पाचाच्या वर आहे की खाली, याला इथे महत्त्व नाही. अट 'कमाल'ची आहे की 'किमान'ची, एवढंच पाहायचं.

नुसत्या क्षेत्रफळावरून लांबी का सांगता येत नाही?

लेखाच्या शीर्षकातला प्रश्न पुन्हा वाचा. ६० चौरस मीटरच्या घराची लांबी जास्तीत जास्त किती?

याचं प्रामाणिक उत्तर असं की एवढ्या माहितीवरून ते सांगताच येत नाही.

१० × ६ चा आयत ६० चौरस मीटरचा. ३० × २ चाही ६० चाच. ६० × १ चाही आणि ६०० × ०.१ चाही. शेवटच्या आयताची रुंदी १० सेंटिमीटर आहे, त्यात माणूस उभासुद्धा राहू शकणार नाही. पण क्षेत्रफळ मात्र बरोबर भरतं. रुंदी कमी करत गेलं की लांबी हवी तितकी वाढवता येते, तिला वरचं टोकच नाही.

लांबीला टोक येतं ते दुसऱ्या अटीमुळे. 'रुंदी किमान २.४ मीटर' एवढी एक अट घातली की चित्र बदलतं. रुंदी सर्वांत कमी असेल तेव्हा लांबी सर्वांत जास्त असेल, म्हणून:

ल ≤ ६० ÷ २.४ = २५ मीटर

इमारतीच्या नियमात खोलीचं क्षेत्रफळ आणि रुंदी हे दोन्ही आकडे का दिलेले असतात, ते आता लक्षात येईल. फक्त क्षेत्रफळ सांगितलं असतं तर बोळासारखी लांबुळकी खोलीही कागदावर पास झाली असती. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं ३०० चौरस फुटांचं (२७.८८ चौरस मीटर) घर असो किंवा कोट्यवधींचा फ्लॅट, जाहिरातीतला क्षेत्रफळाचा आकडा घराचा आकार सांगत नाही. पलंग भिंतीला लागेल का, दार पूर्ण उघडेल का, हे लांबी आणि रुंदी वेगवेगळी विचारल्याशिवाय कळत नाही.

ही दुसरी अट चार रूपांत येते. थेट रुंदी दिलेली असते, दोन बाजूंमधला फरक दिलेला असतो, त्यांचं गुणोत्तर दिलेलं असतं किंवा परिमितीवर मर्यादा असते. पहिलं रूप वर पाहिलं. बाकीची तीन पाहू.

प्रकार दुसरा: एक बाजू दुसरीपेक्षा ठरावीक अंतराने मोठी

समजा, एका गणेश मंडळाला १८० चौरस फुटांपर्यंत मांडव घालायची परवानगी आहे. मूर्तीसमोर जागा हवी म्हणून कार्यकर्त्यांनी ठरवलं की लांबी रुंदीपेक्षा ३ फूट जास्त ठेवायची. मांडव जास्तीत जास्त केवढा होईल?

रुंदी 'र' मानू. मग लांबी र + ३.

र × (र + ३) ≤ १८०
र² + ३र − १८० ≤ ०

दहावीच्या पुस्तकातल्या वर्गसमीकरणांच्या धड्याची आठवण झाली ना? इथेही तीच रीत. गुणाकार −१८० आणि बेरीज ३ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. त्या आहेत १५ आणि −१२.

(र + १५)(र − १२) ≤ ०

दोन कंसांचा गुणाकार शून्य किंवा ऋण हवा. रुंदी धन असल्यामुळे पहिला कंस नेहमी धनच असणार. म्हणजे दुसरा कंस शून्य किंवा ऋण हवा:

र − १२ ≤ ०, म्हणून र ≤ १२

रुंदी जास्तीत जास्त १२ फूट आणि लांबी १५ फूट. पडताळा: १२ × १५ = १८०. बरोबर.

निव्वळ बीजगणित पाहिलं तर र −१५ पासून १२ पर्यंत काहीही चालतो. पण मांडवाची रुंदी शून्य किंवा ऋण असू शकत नाही, म्हणून खरं उत्तर ० ते १२ च्या दरम्यान. परीक्षेत अनेकांचा गुण जातो तो 'रुंदी शून्यापेक्षा मोठी' ही ओळ लिहायची राहिल्यामुळे.

अवयव पाडणं जमत नसेल तर सरळ आकडे घालून पाहता येतात:

- रुंदी १० फूट: १० × १३ = १३०, चालेल
- रुंदी ११ फूट: ११ × १४ = १५४, चालेल
- रुंदी १२ फूट: १२ × १५ = १८०, बरोबर मर्यादेवर
- रुंदी १३ फूट: १३ × १६ = २०८, चालणार नाही

अवयव पडत नसतील तर?

परवानगी १८० ऐवजी १९० चौरस फुटांची असती तर? र² + ३र − १९० चे सोपे अवयव पडत नाहीत. तिथे वर्गसमीकरणाचं सूत्र वापरायचं. भारतात ही रीत श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात तिचं श्रेय श्रीधराचार्यांनाच दिलं आहे.

र = (−३ + √(९ + ७६०)) ÷ २
र = (−३ + √७६९) ÷ २

७६९ चं वर्गमूळ साधारण २७.७३ आहे. म्हणून र जास्तीत जास्त सुमारे १२.३६ फूट.

एका दशांश स्थळापर्यंत उत्तर हवं असेल तर पुन्हा तोच सापळा. नेहमीच्या सवयीने १२.४ लिहिलं तर १२.४ × १५.४ = १९०.९६, म्हणजे परवानगीपेक्षा जास्त. १२.३ घेतलं तर १२.३ × १५.३ = १८८.१९. हे चालेल.

प्रकार तिसरा: दोन बाजूंचं गुणोत्तर ठरलेलं

फ्लेक्सच्या छपाईचा दर चौरस फुटावर असतो. समजा, दर चौरस फुटाला १५ रुपये आहे आणि खिशात १,५०० रुपये आहेत. म्हणजे १०० चौरस फुटांपर्यंत फ्लेक्स छापता येईल. डिझाइन असं आहे की लांबी रुंदीच्या दुप्पट हवी, नाहीतर फोटो ताणले जातील.

२र × र ≤ १००
र² ≤ ५०
र ≤ ७.०७ (साधारण)

७ फूट रुंद आणि १४ फूट लांब फ्लेक्स ९८ चौरस फुटांचा होतो. बिल १,४७० रुपये. 'अर्ध्या फुटाने काय होतंय' म्हणून ७.५ × १५ केला तर ११२.५ चौरस फूट आणि बिल १,६८७ रुपये ५० पैसे!

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. गुणोत्तर कायम ठेवून बजेट दुप्पट केलं तर फ्लेक्सची लांबी दुप्पट होत नाही. २०० चौरस फुटांत १० × २० चा फ्लेक्स बसतो. रुंदी ७.०७ वरून १० वर गेली, म्हणजे वाढ सुमारे ४१ टक्क्यांचीच. उलट प्रत्येक बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ आणि खर्च चौपट होतो.

याच प्रकारचं एक उदाहरण रोज हातात असतं, ते म्हणजे कागद. ए-४ कागद ज्या मालिकेतला आहे तिची सुरुवात ए-० या आकारापासून होते. तिथे अट अशी की क्षेत्रफळ १ चौरस मीटर हवं आणि लांबी रुंदीच्या √२ पट हवी, म्हणजे कागद मधोमध दुमडला तरी त्याचं गुणोत्तर तेच राहतं. मिलिमीटरच्या पूर्णांकात हा आकार ८४१ × ११८९ असा ठरला. गुणाकार केला तर ९,९९,९४९ चौरस मिलिमीटर येतो, एक चौरस मीटरपेक्षा किंचित कमी.

प्रकार चौथा: कुंपणाची तार मोजकी आहे

आतापर्यंत क्षेत्रफळावर कमाल मर्यादा होती. शेतकऱ्याचा प्रश्न अनेकदा उलटा असतो. समजा, १०० मीटर जागेला पुरेल एवढीच कुंपणाची जाळी आहे आणि भाजीपाल्यासाठी किमान ६०० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांच्या आसपास, आयताकृती जागा घेरायची आहे. एक बाजू जास्तीत जास्त किती लांब ठेवता येईल?

चारही बाजूंची बेरीज १०० मीटर. म्हणजे लांबी + रुंदी = ५०. लांबी 'ल' असेल तर रुंदी ५० − ल.

ल × (५० − ल) ≥ ६००

सगळं एका बाजूला घेऊन मांडलं की:

ल² − ५०ल + ६०० ≤ ०
(ल − २०)(ल − ३०) ≤ ०

दोन कंसांचा गुणाकार ऋण होण्यासाठी एक धन आणि एक ऋण हवा. हे फक्त २० आणि ३० च्या मध्येच घडतं. म्हणून:

२० ≤ ल ≤ ३०

लांबी जास्तीत जास्त ३० मीटर. त्या वेळी रुंदी २० मीटर. लांबी ३५ केली तर रुंदी १५ उरते आणि क्षेत्रफळ ५२५ वर घसरतं. तार तेवढीच लागली, जमीन मात्र ७५ चौरस मीटरने कमी झाली.

हाच हिशोब पुढे नेला तर दिसतं की २५ × २५ च्या चौरसात सर्वाधिक, म्हणजे ६२५ चौरस मीटर जागा बसते. दोन धन संख्यांची बेरीज ठरलेली असेल तर त्या समान असताना त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो. गणितात याला अंकगणिती मध्य आणि भूमितीय मध्य यांची असमानता म्हणतात. म्हणून कुणी १०० मीटर जाळीत ६५० चौरस मीटरचा आयत घेरायला सांगितला तर उत्तर एकच, ते अशक्य आहे. तसा आयतच नाही.

एककं बदलताना काय चुकतं?

आराखडा मीटरमध्ये, बोलणी चौरस फुटांत आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. हे आपल्याकडे नेहमीचं. काही आकडे लक्षात ठेवलेले बरे:

- १ फूट = ०.३०४८ मीटर
- १ चौरस मीटर = सुमारे १०.७६४ चौरस फूट
- १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौरस फूट
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट
- १ आर = १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान

६० चौरस मीटर म्हणजे ६४५.८३ चौरस फूट. बोलताना कुणी त्याला सहज '६५० फूट' म्हणतं. पण ६५० चौरस फूट म्हणजे ६० पेक्षा जास्त चौरस मीटर. इतकंच काय, ६४६ चौरस फूटही ६०.०१५ चौरस मीटर होतात. मर्यादेत राहणारा सर्वांत मोठा पूर्णांक ६४५ आहे. इथेही नियम तोच, कमाल मर्यादा खालच्या बाजूला आणायची.

दुसरी चूक 'एका टक्क्या'ची. ६ × १० मीटरच्या घरात दोन्ही मापं एकेका टक्क्याने वाढली तर ती ६.०६ आणि १०.१ होतात. क्षेत्रफळ होतं ६१.२०६. म्हणजे क्षेत्रफळात एक नव्हे, दोन टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. रुंदीत ६ आणि लांबीत १० सेंटिमीटर वाढले आणि मर्यादा सव्वा चौरस मीटरच्या आसपास ओलांडली गेली.

खरं घर आयताकृती नसतं, मग?

बरोबर आहे. बहुतेक फ्लॅट इंग्रजी एल अक्षरासारखे किंवा त्याहून वेडेवाकडे असतात. तेव्हा घराचे आयतांत तुकडे करायचे आणि सगळ्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज मर्यादेत ठेवायची.

उदाहरणार्थ, एक भाग ८ × ५ मीटर, म्हणजे ४० चौरस मीटर. दुसऱ्या भागाची रुंदी ३.२ मीटर. मग:

४० + ३.२ × ल ≤ ६०
३.२ × ल ≤ २०
ल ≤ ६.२५ मीटर

तुकडे करताना आणखी एक गोष्ट विसरायची नाही. रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फक्त त्या घरासाठीची बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. पण घराच्या आतल्या भिंतींची जागा धरतात. जीएसटीच्या अटीसाठीही कार्पेट एरियाचा हाच अर्थ घेतला जातो.

समजा, सगळ्या खोल्यांच्या आतल्या मापांची बेरीज ५९ चौरस मीटर आली. आतल्या भिंतींची एकूण लांबी १५ मीटर आणि जाडी १० सेंटिमीटर असेल तर त्या १.५ चौरस मीटर जागा घेतात. एकूण कार्पेट एरिया झाला ६०.५. खोल्या मोजून 'आपण आत आहोत' असं वाटत असताना घर मर्यादेबाहेर गेलेलं असतं.

उत्तर काढताना कोणत्या पायऱ्या लक्षात ठेवाल?

१. 'पर्यंत' आहे की 'किमान', ते शब्द वाचून चिन्ह ठरवा.

२. दुसरी अट शोधा. रुंदी, फरक, गुणोत्तर, परिमिती यांपैकी काहीच दिलेलं नसेल तर कमाल लांबी सांगता येत नाही.

३. सगळी मापं एकाच एककात आणा.

४. असमानता सोडवा आणि शून्य किंवा ऋण उत्तरं बाजूला काढा.

५. कमाल मर्यादा असेल तर खाली, किमान असेल तर वर राउंड करा.

६. शेवटी लांबी आणि रुंदीचा पुन्हा गुणाकार करून तो मर्यादेशी ताडून पाहा.

शेवटच्या पायरीला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंद लागतात. ६.४ × ९.३८ की ६.४ × ९.३७, हा फरक लांबीत फक्त एका सेंटिमीटरचा आहे. पण ४५ लाखांच्या घरात त्या एका सेंटिमीटरची किंमत १ लाख ८० हजार रुपये होऊ शकते. म्हणून फ्लॅट बघताना क्षेत्रफळाच्या आकड्यावर न थांबता आराखडा मागा, लांबी आणि रुंदी वेगवेगळी लिहून घ्या आणि करारातला कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये वाचा.